बिशप उट्रेख्तचा, कबर एख्टरनाखला

प्रश्न : ख्रिस्ती धर्मप्रचारक विलिब्रॉर्ड हा नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचा बिशप. मग त्याची कबर तिथून इतक्या दूर, लक्झेंबर्गमधल्या एख्टरनाखच्या मठात कशी? बिशपला मठाधिपतीही होता येतं का?

उत्तर : येतं, आणि त्या काळी ते सोयीचंही होतं. बिशप गादीला बांधलेला. गाव हातचं गेलं की तो उघड्यावर; दूरवर मठ असला तर निदान आसरा राहतो. विलिब्रॉर्डवर ती वेळ आलीच.

हा इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रियाचा. रिपनच्या मठात वाढला, पुढे बारा वर्षं आयर्लंडमध्ये काढली आणि ६९० साली अकरा सोबत्यांसह फ्रिसियन लोकांत, म्हणजे आजच्या नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर, धर्मप्रसारासाठी उतरला. पाठीशी दक्षिणेकडच्या ख्रिस्ती फ्रँक लोकांचा सत्ताधीश दुसरा पेपिन. मेख तिथेच होती. नवा देव म्हणजे फ्रँकांचं राज्य, हे न कळण्याइतका फ्रिसियनांचा राजा राडबॉड खुळा नव्हता. ६९५ मध्ये पोप सर्जियसने विलिब्रॉर्डला आर्चबिशप केलं, पेपिनने उट्रेख्त दिलं. तीन वर्षांनी ट्रियरच्या मठाधिपतीण इर्मिनाने एख्टरनाखची जमीन दिली, तिथे त्याने मठ उभारला. ७१४ च्या डिसेंबरात पेपिन वारला आणि राडबॉड उठला. चर्चं उद्ध्वस्त झाली. विलिब्रॉर्डने गाठलं ते एख्टरनाख. ७१९ मध्ये राडबॉड मेल्यावर तो परतला, तेव्हा साठीला टेकला होता.

बिचारा म्हणून मात्र त्याची कीव करू नका. आल्क्विन ह्या इंग्रज विद्वानाने पुढे लिहिलेल्या त्याच्या चरित्रात एक बेट आहे. तिथल्या पवित्र झऱ्याचं पाणी भरताना तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी रीत. ह्याने त्याच झऱ्यात तिघांना बाप्तिस्मा दिला, वर देवाची गुरं कापून सोबत्यांना जेवायला घातली! कुणाला मारायचं हे ठरवायला राडबॉडने चिठ्ठ्या टाकल्या आणि जीव गेला एका सोबत्याचा. चरित्रकाराला ह्यात पराक्रम दिसतो; मला तो सोबती आठवत राहतो.

तरीही हा माणूस मला आवडतो, तो एका पानाच्या समासामुळे. त्याची दिनदर्शिका आज पॅरिसमध्ये आहे. नोव्हेंबरच्या पानाच्या कडेला ७२८ सालचं लॅटिन टिपण आहे, बहुधा त्याच्याच हातचं : ६९० मध्ये समुद्रापलीकडून आलो, ६९५ मध्ये लायकी नसतानाही रोममध्ये बिशप झालो. बस. उट्रेख्तचं नाव नाही, राडबॉडचंही नाही. पुढे अकरा वर्षांनी, त्याच नोव्हेंबरच्या ७ तारखेला, तो वारला आणि एख्टरनाखलाच पुरला गेला.