आरोग्य-शंका : जठर काढल्यावर खायचं कसं?

प्रश्न : वडील 58 वर्षांचे. कॅन्सरमुळे पूर्ण जठर काढलं. केमो संपून चार महिने झाले. वजन 64 वरून 55 किलोवर आलंय. ताकद यावी म्हणून सकाळी गंगावेशीतलं धारोष्ण दूध आणि गुळाचा शिरा देतो. पण अर्ध्या तासात घाम, धडधड, जुलाब. कधी दोनेक तासांनी हातपाय थरथरतात. तळपायांना मुंग्याही येतात. काय करावं?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : ताकदीसाठी देताय, त्यातूनच हा त्रास होत असणार. जठर अन्न साठवून थोडं थोडं पुढं सोडायचं. आता गोड, पातळ पदार्थ थेट लहान आतड्यात उतरतो आणि रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. याला डंपिंग म्हणतात. नंतरची थरथर त्याचाच दुसरा भाग : साखर झपकन चढते, इन्सुलिन जास्त सुटतं, मग साखर घसरते. तेव्हा ग्लुकोमीटरवर बघा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी अंडं-भाकरी. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डोस डॉक्टरांकडून ताबडतोब तपासून घ्या.

दिवसात सहा ते आठ वेळा, वाटीभरच द्या. आधी अंडं, मासा, पनीर किंवा घट्ट मूगडाळ. मग मऊ भात. घास बारीक चावायचा. पाणी, ताक जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर. पांढरा रस्साही पाण्याच्याच हिशोबात धरा. कोल्हापुरात हे सांगणं जिवावर येतं, पण रस्सा ओरपून पोट भरलं की मटणाच्या फोडीला जागा उरत नाही, आणि प्रथिनं तर फोडीत असतात. कच्चं दूध बंदच करा : जंतू मारणारं जठरातलं आम्ल आता नाही. घरच्या उकळलेल्या दुधाचं घट्ट दही, बिनसाखरेचं, चालेल.

मुंग्या केमोतल्या ऑक्सॅलिप्लॅटिनसारख्या औषधाच्या असू शकतात. त्या केमो संपल्यावरही काही महिने वाढू शकतात. पण तेवढ्यावर सोडू नका. बी-12 जीवनसत्त्व कमी पडलं तरी मुंग्या येतात, आणि जठराविना ते शोषलं जात नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता उशिरा कळते. इंजेक्शन जन्मभर लागतं, बहुधा 1000 मायक्रोग्रॅमचं. दर महिन्याला की तीन महिन्यांनी, ते डॉक्टर ठरवतील. सोबत लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वही तपासा. पाय रोज बघा; नवी कोल्हापुरी चप्पल चावली तरी बधिर पायाला कळत नाही.

घास अडकणं, वारंवार उलट्या, तेलकट तरंगणारी शौच किंवा वजन घसरतच राहणं, यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता सर्जनला दाखवा.