सल्लागाराची फी: आधी तासाचा भाव काढा

कोल्हापुरात राजारामपुरीत ऑफिस थाटलंय, गुंतवणूक सल्लागार म्हणून सेबीची (शेअर बाजाराच्या नियामकाची) वैयक्तिक नोंदणी मिळालीय. आता फी वर्षाला ५,००० ठेवू की गुंतवणुकीच्या एक टक्का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्ही नको.

समजा भाडं, मदतनीस, सॉफ्टवेअर, ऑडिट धरून वर्षाचा खर्च ४.८ लाख आणि घरी न्यायचे ९.६ लाख. एकूण १४.४ लाख. आठवड्याला ग्राहकाच्या कामाचे २० तासच धरा, बाकीचा वेळ नोंदी ठेवण्यात आणि नवी माणसं भेटण्यात जातो. ४८ आठवड्यांचे ९६० तास, म्हणजे तासाला १,५००. पहिल्या वर्षी जुन्या पॉलिसी, कर्जं, नॉमिनी सगळं उकरावं लागतं. त्याला १४ तास धरले तर २१,०००. पुढे ८ तासांचे १२,०००. ५,००० मध्ये हेच उत्पन्न काढायचं तर २८८ कुटुंबं आणि २,३०४ तास लागतील. एवढे तास आणणार कुठून? मग वार्षिक आढावा राहून जातो, आणि नुकसान ग्राहकाचं होतं.

टक्क्याला सेबीची मर्यादा २.५ आहे, ठरावीक फीला कुटुंबामागे वर्षाला १,५१,०००. पण आपल्याकडची संपत्ती उसाच्या रानात, गुजरीतल्या सोन्यात, उद्यमनगरच्या फाउंड्रीत असते, आणि टक्का मोजायचा तो फक्त तुम्ही सल्ला दिलेल्या गुंतवणुकीवर. सगळ्यात किचकट काम फुकटात जातं. शिवाय 'फंड मोडून कर्ज फेडू का?' असं ग्राहकानं विचारलं, तर खरं उत्तर तुमचीच फी कमी करणारं असू शकतं. म्हणून ठरावीक फी, आणि ती कामाच्या गुंत्यावर.

एकत्र राहणारे दोन भाऊ असतील तर नीट बघा. नियमात कुटुंब म्हणजे ग्राहक आणि त्याच्यावर अवलंबून असलेले पती-पत्नी, मुलं, आई-वडील. स्वतंत्र कमावते भाऊ ही दोन कुटुंबं, करारही दोन.

ओळखीतला माणूस घासाघीस करणारच. भाव तोडू नका, काम कमी करा: चारऐवजी दोन बैठका, आणि ते करारात लिहा. जीएसटीचंही आधीच लिहा. उलाढाल २० लाखांवर गेली की १८ टक्के लागतो. 'सगळं धरून १२,०००' कबूल केलं असेल तर हातात साधारण १०,१७० उरतात.

ग्राहकाच्या संमतीनं वर्षभराची फी आगाऊ घेता येते, म्हणून शेतकऱ्याला ऊसबिल जमा झाल्यावर एकदाच मागणं सोयीचं पडतं. फक्त रोख घेऊ नका. आणि मध्येच करार मोडला तर उरलेल्या काळाची फी परत द्यावी लागते, तेव्हा ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून दर महिन्याला बारावा हिस्साच उचला.