फ्युएल सेलचं स्टील 40,000 तास टिकेल हे 5,000 तासांच्या टेस्टवरून कसं काय सांगतात?

सांगता येतं, पण त्या एका मटेरियलपुरतं, अख्ख्या सेलचं आयुष्य त्यावरून निघत नाही. सॉलिड ऑक्साइड सेलमधलं (इंधनापासून थेट वीज करणारा, सिरॅमिकचा फ्युएल सेल) इंटरकनेक्टचं, म्हणजे एका सेलचा करंट दुसऱ्यात नेणाऱ्या प्लेटचं, स्टील साधारण 800 डिग्रीला चालतं, त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा थर चढत जातो नि करंटला रेझिस्टन्स वाढतो. थराची जाडी वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, म्हणजे जाडी दुप्पट व्हायला वेळ चौपट, आणि टेस्टचं तापमान 900 केलं की तेवढीच जाडी अंदाजे 8-10 पट लवकर चढते, म्हणून 900 च्या 5,000 तासांवरून 800 च्या 40,000 चा अंदाज बांधतात. मी बेळगावात उद्यमबागेत हीट ट्रीटमेंटला असतो, फर्नेसमधल्या जिग-फिक्श्चरवर हीच पापुद्र्याची भानगड रोज बघतोय, तापमान थोडं चढलं तरी किती फरक पडतो बघा की!

फक्त दोन-तीन तापमानांना टेस्ट करून ग्राफ (वाढीच्या रेटचा लॉग विरुद्ध 1/केल्विन तापमान) सरळ रेषेत येतोय का ते बघायलाच लागतं. फार तापवलं तर बिघाडाची पद्धतच बदलते, काचेचं सील मऊ पडतं, क्रोमियम जास्त उडून कॅथोड (सेलचा हवेकडचा इलेक्ट्रोड) खराब करतं, आणि मग तो आकडा कामाचा नाही. चालू-बंद करताना पापुद्रा सुटतो ते तर ह्यात येतच नाही, त्याला थर्मल सायकलिंगची टेस्ट वेगळी.