भाषा तीच, मग थकवा कसला?

अमेरिकेतल्या कोलंबसहून इंग्लंडमधल्या रेडिंगला आलेलं एक कुटुंब: नवरा-बायको आणि आठ वर्षांची मुलगी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आमच्याकडे सल्ला मागायला आलेल्या नवऱ्याचा प्रश्न सरळ होता. "मार्चमध्ये आलो, आता नोव्हेंबर आहे. सुरुवातीचे महिने मजेत गेले. भाषा तीच, नोकरी चांगली, घर चांगलं. मग आताच ही दिवसभर थकलेली का असते? मुलगी शाळेत जायला का रडते? इथे येण्यात चूक झाली का?" न्यू जर्सीहून बदली होऊन इकडे आलेली मराठी कुटुंबंही हेच विचारतात.

अशी उशिराची घसरण नवी नाही. स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने १९५५ साली अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांबद्दल लिहिलं, तेव्हा सर्वांत कमी रुळलेले निघाले ते सहा ते अठरा महिने राहिलेले. पुढच्या संशोधनात हे सगळ्यांना लागू पडलं नाही, म्हणून त्यावरून कुणाला तारखा सांगू नयेत. पण आठव्या महिन्यात खचणं म्हणजे आपल्यातच काही बिघडलंय, ही भीती त्याने कमी होते.

बाईंना भावनांची डायरी दिली नाही. आठवडाभर फक्त कामं लिहायला सांगितली: काय अडलं, कशासाठी नवऱ्यावर अवलंबून राहावं लागलं. वही भरून आली. फ्रिज लहान, म्हणून आठवड्यातून तीनदा पायी बाजार. अमेरिकेहून आणलेला मिक्सर जळलेला, कारण ॲडाप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, १२० व्होल्टच्या यंत्रात २३० व्होल्ट शिरतातच. मुलीचा कान चार दिवस दुखत होता, तरी बिलाच्या धास्तीने डॉक्टरकडे नेलं नव्हतं. खरं तर व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार आधीच भरलेला असतो (मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड). त्यानंतर जीपीकडे, म्हणजे भागातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, तपासणीचे पैसे लागत नाहीत, सोळा वर्षांखालच्या मुलांची लिहून दिलेली औषधंही मोफत असतात. त्याच आठवड्यात तिघांची जीपीकडे नोंदणी करायला सांगितली.

मात्र वहीत सगळ्यांत जास्त वेळा आलेला शब्द होता 'गाडी'. कोलंबसच्या उपनगरात ही बाई सगळा संसार गाडीवर चालवत होती. इथे डावीकडून चालवायला घाबरून तिने किल्ली हातात घेणंच सोडलं, आणि नवरा रोज लंडनला रेल्वेने जात असल्याने ते त्याच्या लक्षातच आलं नाही. वर मुदतही संपत आलेली. अमेरिकन परवान्यावर इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच गाडी चालवता येते, आणि तो परवाना नुसता बदलून मिळत नाही. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, परवाना काढायचा, ऑनलाइन ३४ पौंड. मग थिअरी, २३ पौंड: ५० पैकी ४३ उत्तरं बरोबर हवीत, शिवाय धोका ओळखण्याच्या व्हिडिओंमध्ये ७५ पैकी ४४ गुण. मग रस्त्यावरची परीक्षा, ६२ पौंड, आणि तिच्या तारखेसाठी अनेक केंद्रांवर काही महिने थांबावं लागतं. बारा महिने उलटले आणि परीक्षा झालेली नसली, तर वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसालाही शिकाऊ चालकाची 'एल'ची पाटी लावून, शेजारी पात्र चालक बसवूनच गाडी काढावी लागते. ऑटोमॅटिकवर उत्तीर्ण झालात तर गिअरची गाडी चालवता येत नाही. अमेरिकन गाडीची सवय असलेल्यांनी तरीही ऑटोमॅटिकच घ्यावी असं आमचं मत आहे, गिअरसाठी डावा हात आणि रस्त्याची डावी बाजू एकदम शिकण्याचा ताण कशाला? अनुभवी चालक नापास होतात ते बहुधा जुन्या सवयींमुळे: राउंडअबाउटला चुकीची लेन धरली, वळण्याआधी आरशात पाहिलंच नाही. त्यासाठी इथल्या प्रशिक्षकाचे थोडे तास घ्यावेतच. प्रोव्हिजनलचा अर्ज नवरा-बायकोने त्याच संध्याकाळी एकत्र बसून भरला.

मुलीचं रडणं वेगळ्या कारणाचं. इंग्लंडमध्ये १ सप्टेंबरला वय किती, यावर इयत्ता ठरते. कोलंबसमध्ये ती तिसरीत असती, इथे ती 'इयर फोर'मध्ये, म्हणून आईवडिलांना वाटलं की ती एक वर्ष पुढे ढकलली गेली. मुलं तेवढ्याच वयाची आहेत, फक्त मोजणी वेगळी. पण त्याच वर्षी जूनमध्ये पाढ्यांची देशव्यापी चाचणी असते: बारापर्यंतचे पाढे, २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. वर्गातली मुलं पाढे खाडखाड म्हणतात, ही बोटं मोजते, आणि आपण मठ्ठ आहोत असं ठरवून मोकळी होते. तिला सांगायचं ते इतकंच, की त्यांना हे आधीपासून शिकवलंय, तुला अजून नाही. रोज दहा मिनिटं पाढे, आणि वर्गशिक्षिकेला आईने भेटून हे कारण सांगायचं.

उजेडाचंही मोजावं लागतं. डिसेंबरअखेरीस कोलंबसला सव्वानऊ तासांहून थोडा जास्त दिवस असतो, रेडिंगला पावणेआठ तासांच्या आसपास, आणि चारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून दुपारच्या आत अर्धा तास बाहेर चालणं, आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व, जे इथली आरोग्यसेवा सगळ्यांनाच सुचवते. एवढं करूनही दोन आठवड्यांहून जास्त मन बसलेलंच राहिलं, झोप-भूक गेली, तर वाट पाहू नये. जीपीची चिठ्ठी नसली तरी एनएचएस या इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या 'टॉकिंग थेरपीज' या समुपदेशन सेवेकडे स्वतः नाव नोंदवता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर लगेच १११ वर फोन करून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडावा.

नवऱ्याकडे दोन गोष्टी मागितल्या. "भाषा तीच आहे ना" हे वाक्य बंद करायचं. आणि थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाचा गुरुवार इथे कामाचा दिवस असतो, म्हणून जेवण शनिवारी ठरवून त्याची सगळी तयारी त्याने करायची. त्या जेवणातला टर्की पक्षी इथली दुकानं ठेवतात तो मुख्यतः नाताळासाठी, तेव्हा खाटकाकडे आधीच सांगून ठेवायचं.

जानेवारीत बाई थिअरी उत्तीर्ण झाल्या. रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख मिळाली ती मेमधली, म्हणजे मुदतीनंतरची. मधल्या काळात शाळेतून मुलीला आणण्याचं काम शेजारच्या कुटुंबाबरोबर आलटून-पालटून वाटून घेतलं आहे.