फोनची जुनी सिस्टीम हवी, पण डेटा जायला नको

प्रश्न : गेल्या आठवड्यात फोन अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीवर गेला. तेव्हापासून बॅटरी दुपारीच संपते आणि फोन तापतो. जुनी आवृत्ती परत टाकायची आहे, पण फोटो, मेसेज, ॲप सगळं जसंच्या तसं राहायला हवं. जमेल का?

उत्तर : जसंच्या तसं राहणार नाही. मोठ्या आवृत्तीवरून मागे यायचं तर डेटा आधी बाहेर काढायचा, फोन कोरा करायचा, जुनी सिस्टीम घालायची आणि मग डेटा परत आत आणायचा, एवढाच भरवशाचा रस्ता आहे. ‘डेटा न जाता डाउनग्रेड’ असं कुणी सांगितलं तरी बॅकअपशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

यामागे दोन कारणं आहेत. फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला (कुलूपबंद) असतो आणि त्याच्या किल्ल्या प्रोसेसरच्या सुरक्षित भागाच्या ताब्यात असतात. या किल्ल्या अँड्रॉइडची आवृत्ती आणि सिक्युरिटी पॅचची पातळी यांच्याशी बांधलेल्या असतात. अपडेट झालं की त्याही पुढच्या आवृत्तीशी बांधल्या जातात. मग जुन्या सिस्टीमने कितीही मागितल्या तरी मिळत नाहीत. डेटा जागेवर असतो, पण वाचता येत नाही.

दुसरं कारण डेटाबेसचं. संपर्क, मेसेज, सेटिंग्ज हे सगळं छोट्या छोट्या डेटाबेसमध्ये असतं आणि प्रत्येकावर आवृत्तीचा आकडा असतो. नवी सिस्टीम आली की तक्त्यांची रचना बदलते आणि आकडा वाढतो. समजा तो ७ चा ९ झाला. ७ पर्यंतच माहीत असलेली जुनी सिस्टीम ९ पाहते आणि ‘९ वरून ७ वर उतरवता येत नाही’ अशी एरर देऊन ते काम बंद करते. ॲप बनवणाऱ्याने उतरण्याची सोय मुद्दाम लिहिली नसेल, तर अँड्रॉइडमध्ये हेच घडतं. एखादं साधं ॲप असेल तर ते बंद पडतं. सिस्टीमचाच महत्त्वाचा भाग असेल, तर फोन लोगोपर्यंत येऊन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहतो.

आता तुमच्या बॅटरीबद्दल. अपडेटनंतर सगळी ॲप नव्या सिस्टीमसाठी पुन्हा कंपाइल होतात (नव्याने तयार केली जातात), फोटोंची सूची पुन्हा बनते. हे काम मुख्यतः फोन चार्जिंगला आणि रिकामा असताना चालतं. म्हणून दोन-तीन रात्री फोन चार्जरवर, वायफायला जोडून ठेवा आणि सगळी ॲप अपडेट करा. मग सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर कोणतं ॲप वर आहे ते बघा. सॅमसंगचा फोन असेल तर बंद करून केबलने कॉम्प्युटरला जोडा (नव्या मॉडेलमध्ये त्याशिवाय रिकव्हरी, म्हणजे दुरुस्तीचा मेनू, उघडत नाही), आवाज वाढवण्याचं आणि पॉवरचं बटण एकत्र दाबून धरा आणि ‘वाइप कॅशे पार्टिशन’ निवडा. यात तात्पुरत्या फाइल पुसल्या जातात, वैयक्तिक डेटा जात नाही. मात्र जवळच असलेल्या ‘वाइप डेटा’वर बोट पडू देऊ नका. एवढं करूनही आठवडाभरात फरक पडला नाही, तरच डाउनग्रेडचा विचार करा.

प्रश्न : सॅमसंगच्या फोनवर ओडिनमधून (कॉम्प्युटरवरून फोनची सिस्टीम घालणारा प्रोग्राम) फ्लॅश करताना ‘होम सीएससी’ फाइल घेतली तर डेटा राहतो, असं कळलं. मग त्याच पद्धतीने जुनं फर्मवेअर (फोनच्या सिस्टीमच्या फाइल) का टाकू नये?

उत्तर : सीएससी म्हणजे त्या त्या प्रदेशाच्या सेटिंग्जची फाइल. होम सीएससी डेटा पुसत नाही आणि साधी सीएससी पुसते, इथपर्यंत बरोबर आहे. पण होम सीएससी आहे ती त्याच किंवा पुढच्या आवृत्तीवर जाताना डेटा राखण्यासाठी. मागे जाताना तिने डेटा राखला, तरी तो नव्या सिस्टीमच्या रचनेतला असतो आणि वर सांगितलेल्या दोन्ही अडचणी उभ्या राहतात. एकाच मोठ्या आवृत्तीत महिन्या-दोन महिन्यांचं फर्मवेअर मागे नेताना काही वेळा जमून जातं. आवृत्तीच बदलत असेल तर फोन बहुधा बूटलूपमध्ये (पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होण्यात) अडकतो आणि शेवटी रिकव्हरीतून डेटा पुसावा लागतो. म्हणजे बॅकअप न घेता केलं तर दोन्हीकडून गेलं.

त्याआधी एक तपासणी करायचीच. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत बिल्ड नंबर असतो, त्याचं शेवटून पाचवं चिन्ह बघा. समजा शेवट ‘यू ३ बी डब्ल्यू के ५’ असा आहे. यातला ३ म्हणजे बूटलोडरची (फोन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची) पातळी, ज्याला दुरुस्तीवाले ‘बायनरी’ किंवा ‘बिट’ म्हणतात. बी हे मोठ्या आवृत्तीचं अक्षर, डब्ल्यू म्हणजे २०२३, के म्हणजे अकरावा महिना आणि ५ हा त्या महिन्यातला क्रम. टाकायच्या फर्मवेअरमध्येही त्याच जागी ३ किंवा त्याहून मोठा आकडा हवा. २ असेल तर डाउनलोड मोडच्या (फोन फर्मवेअर घ्यायला तयार असतानाच्या) पडद्यावर ‘रिव्हिजन चेक फेल’ अशी ओळ येते आणि ओडिन थांबतो. ही पातळी चिपमधल्या फ्यूजमध्ये कायमची नोंदलेली असते. ती कोणत्याही सॉफ्टवेअरने खाली येत नाही, त्यामुळे त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

आकडा जुळत असेल तर पुढचा क्रम असा. डेटा बाहेर काढा, सेटिंग्जमधून गूगल आणि सॅमसंग खाती काढून टाका (नाहीतर कोऱ्या फोनवर जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला जातो) आणि चार्जिंग निदान ६० टक्के असू द्या. नेमक्या त्याच मॉडेलचं आणि त्याच प्रदेशाचं फर्मवेअर घ्या. मॉडेलमधलं एक अक्षर वेगळं असलं तरी चालत नाही. फोन बंद करा, आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरून केबल लावा की डाउनलोड मोड येतो. ओडिनमध्ये बीएल (बूटलोडर), एपी (सिस्टीम), सीपी (मोडेम) या फाइल आपापल्या खान्यात घाला आणि चौथ्या खान्यात साधी सीएससी द्या. ‘री-पार्टिशन’वर खूण करू नका. एपीची फाइल कित्येक गिगाबाइटची असते. ती तपासताना ओडिन काही मिनिटं गोठल्यासारखा दिसतो, तेव्हा घाईने बंद करू नका. लिहिणं चालू असताना केबल हलली तर अर्धवट फर्मवेअर बसतं, म्हणून हब वापरू नका, केबल थेट पोर्टला लावा.

कंपनीचं मूळ फर्मवेअर अशा रीतीने टाकल्याने नॉक्सचा (सॅमसंगच्या सुरक्षाव्यवस्थेचा) फ्यूज उडत नाही. अनधिकृत फाइल टाकली की तो उडतो आणि सिक्युअर फोल्डरसारख्या (खाजगी फाइलींचं कुलूपबंद फोल्डर) सोयी कायमच्या बंद होतात.

प्रश्न : आयफोनसाठी जुन्या आयओएसची फाइल मी जपून ठेवली आहे. ती पुढे कधीही टाकता येईल ना?

उत्तर : नाही. रिस्टोर करताना प्रत्येक वेळी कॉम्प्युटर त्या फोनचा ओळख क्रमांक ॲपलच्या सर्व्हरकडे पाठवतो आणि त्या आवृत्तीसाठी सही मागतो. ॲपल ती आवृत्ती साइन करत असेल तरच फोन ती स्वीकारतो. नवी आवृत्ती आल्यावर जुनीचं साइनिंग साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत थांबतं, कधी थोडं जास्त चालतं. त्यानंतर फाइल जवळ असूनही उपयोग नाही. म्हणून आयफोनवर निर्णय लवकर घ्यावा लागतो.

साइनिंग चालू असेपर्यंत हे करता येतं : ‘फाइंड माय’ बंद करा, फोन मॅकला जोडा, फाइंडरमध्ये ऑप्शनची कळ दाबून ‘रिस्टोर आयफोन’वर क्लिक करा आणि जुनी फाइल निवडा. विंडोजवर ऑप्शनऐवजी शिफ्ट. तीच कळ दाबून ‘चेक फॉर अपडेट’वर क्लिक केलं तर जवळच्या दोन छोट्या आवृत्त्यांमध्ये कधी कधी डेटा न पुसता मागे जाता येतं. अवश्य करून बघा, पण बॅकअप घेतल्यानंतरच.

प्रश्न : आयफोन मागे नेल्यावर बॅकअप घालायला गेले, तर ‘फोनवरचं सॉफ्टवेअर जुनं आहे’ असा संदेश आला. बॅकअप अपडेटनंतरचाच आहे. आता काय?

उत्तर : जुन्या आवृत्तीचा बॅकअप नव्या आयओएसवर उतरतो, नव्याचा जुन्यावर उतरत नाही. बॅकअपच्या फोल्डरमध्ये आवृत्तीचा आकडा लिहिलेली एक फाइल असते आणि तो आकडा हाताने बदलून फोनला चकवता येतं. किरकोळ फरकाच्या आवृत्त्यांमध्ये हे चालून गेलेलं आहे. मोठ्या आवृत्तीत बॅकअप अर्धा उतरतो, फोन अडखळतो आणि कोणता डेटा बिघडला हे काही दिवसांनी कळतं. करायचंच असेल तर बॅकअपच्या फोल्डरची दुसरी प्रत ठेवून त्या प्रतीवर करा.

त्यापेक्षा वेगळा विचार करा. आयक्लाउडशी सिंक होणाऱ्या गोष्टींना हा आवृत्तीचा नियम लागत नाही. फोटो, संपर्क, कॅलेंडर, नोट्स, मेसेज, कीचेनमधले पासवर्ड, हेल्थ हे सगळं नवी आवृत्ती असतानाच आयक्लाउडला जोडलं, अपलोड पूर्ण होऊ दिलं आणि मग फोन मागे नेला, तर त्याच खात्याने लॉगिन करताच बहुतेक परत येतं. बॅकअप न घालता फोन ‘नवा’ म्हणून सुरू करायचा. व्हॉट्सॲपचा आयक्लाउड बॅकअप वेगळा असतो, तो त्याच्या सेटिंग्जमधून घ्या. ॲपमधल्या ज्या फाइल सिंक होत नाहीत, त्या ‘फाइल्स’मधून कॉम्प्युटरवर उतरवा. तुमचा फोन आधीच मागे गेला असेल, तर निदान सिंक झालेलं आहे ते परत मिळवा. उरलेलं हवंच असेल, तर पुन्हा नव्या आवृत्तीवर जाऊन बॅकअप घाला, त्या गोष्टी बाहेर काढा आणि साइनिंग उघडं असेल तर परत या.

यापुढे मोठं अपडेट घेण्याआधी कॉम्प्युटरवर एन्क्रिप्टेड बॅकअप घ्या (साध्यात हेल्थ आणि पासवर्ड येत नाहीत) आणि फाइंडरमध्ये ‘मॅनेज बॅकअप्स’ उघडून त्यावर राइट-क्लिक करून ‘अर्काइव्ह’ करा. अर्काइव्ह न केलेला बॅकअप पुढच्या बॅकअपमध्ये मिसळून जातो. एवढी एक गोष्ट केलेली असली, की मागे येणं फारसं अवघड राहत नाही.

ॲपल वॉच असेल तर आणखी सांभाळा. घड्याळाची सिस्टीम आपल्याला मागे नेता येत नाही. वॉचओएस १० ला आयओएस १७ लागतं, वॉचओएस ११ ला आयओएस १८. घड्याळ पुढे गेलेलं असेल आणि फोन मागे आणलात, तर जोडी जुळणार नाही.

प्रश्न : गूगलच्या पिक्सेल फोनवर अँड्रॉइडचा बीटा (चाचणीची आवृत्ती) घेतला होता. आता बाहेर पडायचं आहे.

उत्तर : बीटा कार्यक्रमातून नाव काढलं की फोनवर एक अपडेट येतं. ते दिसायला नेहमीसारखं असलं तरी डाउनग्रेडचं असतं आणि इन्स्टॉल केल्यावर फोन कोरा होतो. ते घेऊ नका. नाव काढा, ते अपडेट तसंच पडू द्या आणि त्या आवृत्तीचं स्थिर रूप येईपर्यंत थांबा. ते आल्यावर डेटा न जाता बाहेर पडता येतं.

फॅक्टरी इमेज (कंपनीची पूर्ण सिस्टीम) हाताने टाकणार असाल, तर बूटलोडर अनलॉक करताना डेटा जातोच. शिवाय पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए वर ऑगस्ट २०२२ मधल्या अँड्रॉइड १३ च्या अपडेटने बूटलोडरची पातळी वाढवली. त्यानंतर हे फोन अँड्रॉइड १२ च्या जुन्या इमेजवर परत जाऊ शकत नाहीत. इमेज टाकण्यापूर्वी डाउनलोडच्या पानावरची सूचना पूर्ण वाचा.

प्रश्न : फोनमध्ये ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन स्लॉट (सिस्टीमच्या जागा) असतात. मग जुनी सिस्टीम दुसऱ्या स्लॉटमध्ये पडूनच असेल ना?

उत्तर : काही काळच. ही सोय अँड्रॉइड ७ पासूनची. अपडेट झाल्यावर नवी सिस्टीम सुरूच झाली नाही, तर फोन आपोआप जुन्या स्लॉटवर येतो. हल्लीच्या फोनमध्ये जागा वाचवण्यासाठी दुसरी पूर्ण प्रत ठेवत नाहीत, बदल तेवढे वेगळे साठवतात. नवी सिस्टीम नीट सुरू झाली की ते मूळ सिस्टीममध्ये मिसळले जातात. त्यानंतर जुनी सिस्टीम उरत नाही.

प्रश्न : अपडेटनंतर एकाएकी बरीच ॲप उघडताच बंद होतात. पूर्ण फोन मागे न्यावा का?

उत्तर : आधी एकच घटक मागे नेऊन बघा. मार्च २०२१ मध्ये जगभर असंच झालं होतं आणि दोष ‘अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू’च्या (ॲपमध्ये वेबपानं दाखवणाऱ्या घटकाच्या) अपडेटमध्ये निघाला. सेटिंग्जमध्ये ॲपच्या यादीत वेबव्ह्यू शोधा, तीन टिंबांच्या मेनूतून ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ निवडा, रीस्टार्ट करा. फोनसोबत आलेल्या ॲपनाच ही सोय असते आणि काही ॲपमध्ये त्यासोबत त्या ॲपचा डेटाही जातो, तो इशारा वाचूनच पुढे जा. स्वतः टाकलेल्या ॲपवर जुनी एपीके (ॲपची फाइल) थेट बसत नाही. ॲप काढूनच बसवावी लागते आणि तेव्हा त्याचा डेटा जातो.

प्रश्न : फोन कोरा करण्याआधी नेमकं काय काय बाहेर काढायचं? दर वेळी काहीतरी राहून जातं.

उत्तर : फोटो सहसा राहत नाहीत, ते सगळ्यांच्या लक्षात असतात. राहून जातात त्या या गोष्टी. टू-फॅक्टर कोड देणाऱ्या ऑथेंटिकेटरमधली खाती दुसऱ्या फोनवर क्यूआर कोडने हलवा, आणि ते हललेले कोड वापरून एकदा लॉगिन करून बघा. सॅमसंगच्या सिक्युअर फोल्डरमधल्या फाइल बाहेर आणा, रीसेटनंतर त्या मिळत नाहीत. सिग्नल या मेसेजच्या ॲपचा बॅकअप त्याने दिलेल्या लांबलचक संकेतशब्दाने उघडतो, तो कागदावर लिहा. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला एन्क्रिप्शन लावलं असेल तर पासवर्ड किंवा ६४ अक्षर-अंकांची किल्ली हाताशी हवी, ती नसेल तर व्हॉट्सॲपही बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपची आणखी एक प्रत फोनमध्येच असते. ‘अँड्रॉइड’ फोल्डरमधल्या ‘मीडिया’त व्हॉट्सॲपचं फोल्डर आहे, ते पूर्ण कॉपी करा. नंतर कोऱ्या फोनवर व्हॉट्सॲप टाका, पण उघडण्याआधी ते फोल्डर त्याच जागी ठेवा आणि मग त्याच नंबरने सुरू करा. आधी उघडलंत तर नवं रिकामं फोल्डर तयार होतं आणि गोंधळ होतो.

एसएमएससाठी एक्सएमएल फाइल करून देणारं ॲप वापरा आणि संपर्क व्हीसीएफ फाइलमध्ये काढा. या फाइल अँड्रॉइडच्या आवृत्तीवर अवलंबून नसतात. फोन कंपनीच्या स्वतःच्या बॅकअपमधली सेटिंग्ज आणि होम स्क्रीन मात्र जुन्या आवृत्तीवर उतरतीलच असं नाही. कॉपी झाल्यावर कॉम्प्युटरवर फाइलींची संख्या फोनशी ताडून बघा आणि मधले चार-दोन मोठे व्हिडिओ उघडून शेवटपर्यंत चालवा, कारण केबल सैल असली की मोठ्या फाइल अर्धवट उतरतात. रीसेट करताना ई-सिम पुसण्याचा पर्याय आला तर तिथे खूण करू नका. बँकेच्या ॲपमध्ये पुन्हा नोंदणी करावी लागेल, म्हणून सिम आणि पासवर्ड जवळ असतानाच हे काम काढा.