मुलाची तपासणी करायला गेले आणि माझंच कोडं सुटलं?

प्रश्न: ताई, मी ३६ वर्षांची, सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. जीएसटीचं रिटर्न दरवेळी शेवटच्या रात्री भरते, गॅसवर दूध ठेवून गच्चीत कपडे वाळत घालायला जाते आणि तिथंच रमते, खाली दूध उतू. सासूबाई म्हणतात, लक्षच नाही घरात. मुलासाठी एडीएचडीचे (लक्ष न टिकणं, चंचलपणा असा जो त्रास असतो त्याचे) प्रश्न वाचत होते तर मला माझंच लहानपण दिसलं. या वयात होतो का हा?

उत्तर: अगं, या वयात नव्यानं होत नाही, लहानपणापासूनच असतो, फक्त कोणी ओळखत नाही, त्यात मुली बऱ्याचदा दंगा न करता खिडकीबाहेर बघत गप्प बसतात आणि मार्क बरे पडले की विषय संपला. बऱ्याचदा आनुवंशिक असतो, त्यामुळे मुलामुळे आईचं कळणं काही नवीन नाही. मोठ्यांच्या निदानाला किमान ५ लक्षणं लागतात, पण त्यातली काही १२ वर्षांच्या आधीपासूनची हवीत. म्हणून माळ्यावरची जुनी प्रगतिपुस्तकं काढ, ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही’ असा शेरा सापडला तर घेऊन सायकियाट्रिस्टकडे जा. हे रक्ताच्या टेस्टमध्ये कळत नाही, पण थायरॉईड, अपुरी झोप, डिप्रेशन यानंही असंच होतं, तेही बघून घ्यायला सांग. औषधं आहेत, मनानं घेऊ नकोस. कुठून सुरुवात करायची कळेना तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आणि आळशी म्हणून स्वतःला इतकी वर्षं बोललीस ना, ते आजपासून बंद कर बाई.