वायर, वायफाय आणि वैताग
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : 300 एमबीपीएसचा प्लॅन आहे. वायफायवर खापर नको म्हणून लॅपटॉपला थेट केबल लावून वेग मोजला, तरी आकडा 94च्या पुढे सरकत नाही. तक्रार केली की ‘आमच्या बाजूने सगळं ठीक आहे’ एवढंच ऐकायला मिळतं. खोटं कोण बोलतंय?

उत्तर : बहुधा कोणीच नाही. 94 हा आकडाच चुगली करतोय. मागूनच वेग कमी येत असता तर मोजणी दर वेळी वेगळी निघाली असती, कधी 140 तर कधी 210. ती दर वेळी 94-95वरच अडते, म्हणजे वाटेत कुठेतरी 100 एमबीपीएसचा जोड बसलाय. वरचे पाच-सहा कुठे जातात, तर इथरनेटवरून (म्हणजे या केबलच्या जोडणीवरून) जाणारं माहितीचं पूर्ण भरलेलं प्रत्येक पाकीट तारेवर 1538 बाइटांची जागा घेतं आणि त्यात तुमचा खरा माल 1450च्या आसपास असतो. बाकी सगळं पत्ता, शिक्के आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा.

आता तो जोड शोधू. विंडोज 11मध्ये सेटिंग्ज, मग ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘इथरनेट’ उघडा आणि ‘लिंक स्पीड’ची ओळ पाहा. 1000/1000 असेल तर लॅपटॉप ते राउटर हा तुकडा सुटला. मग फायबरच्या डब्यापासून राउटरपर्यंत जाणारी वीतभर केबल आणि राउटरचं वॅन पोर्ट (बाहेरचं इंटरनेट जिथून आत येतं ते) तपासा. 100/100 असेल तर पहिला संशय केबलवर घ्या. 100 एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात (1, 2, 3 आणि 6), गिगाबिटला (1000 एमबीपीएसला) आठही लागतात. उरलेल्या चारांपैकी एखादी क्लिपमध्ये नीट दाबली गेली नसेल तर दोन्ही उपकरणं आपसात ठरवून गुपचूप 100वर उतरतात. दिवा लागतो, इंटरनेट चालतं, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. आवरणावर ‘कॅट 5ई’ किंवा ‘कॅट 6’ छापलेली, कारखान्यातूनच क्लिपा लावून आलेली केबल बदलून पाहा. आकडा तरीही हलला नाही तर राउटरच्या तळाचा मॉडेल क्रमांक शोधून पोर्ट ‘10/100’ आहेत की ‘10/100/1000’ हे बघा. डब्यावर ‘1200’ असा ठसठशीत आकडा मिरवायचा आणि मागे 100चीच पोर्ट बसवायची, असे राउटर सर्रास विकले जातात. तो 1200 म्हणजे दोन्ही वायफाय पट्ट्यांच्या (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ) कागदोपत्री वेगाची बेरीज. ती बेरीज कोणत्याही एका मोबाइलला कधीच मिळत नाही.

केबलचा प्रश्न सुटल्यावर वायफाय मोजा. 2.4 गिगाहर्ट्झवर दोन अँटेनांच्या जुन्या राउटरचा कागदी वेग 144 असतो आणि हातात पडतो त्याच्या निम्म्याच्या आसपास. 300 हवे असतील तर 5 गिगाहर्ट्झला पर्याय नाही. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल तर फोन कधीकधी दूरवर पोचणाऱ्या 2.4ला चिकटून बसतो, म्हणून निदान चाचणीपुरती तरी नावं वेगळी करा. 2.4 वापरावाच लागला तर चॅनेल 1, 6 किंवा 11 यांपैकीच निवडा. मधलं कुठलंही घेतलं की दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांशी भांडण.

आणि हो, डाउनलोडच्या खिडकीत ‘37 एमबी’ दिसलं तर घाबरू नका. तिथे मोजमाप बाइटचं असतं, प्लॅनमध्ये बिटचं, आणि 8 बिटांचा एक बाइट. 300ला 8ने भागा.

प्रश्न : हार्ड डिस्क जोडली की बिनतारी माउस अडखळत चालतो. काढली की नीट. माउस खराब आहे का?

उत्तर : नाही. यूएसबी 3ची केबल आणि तिचा जोड 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात आणि माउसचं चिमुकलं रिसीव्हर त्याच पट्ट्यात ऐकत असतं. इंटेलने 2012मध्येच या त्रासावर तांत्रिक टिपण काढलं होतं. हातभर लांबीची यूएसबी 2ची एक्स्टेन्शन केबल घ्या आणि रिसीव्हर डिस्कपासून दूर आणा, किंवा तो लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा. नवा माउस घेतला असतात तर तोही तसाच अडखळला असता.

प्रश्न : घरात टाइप-सीच्या चार केबल आहेत. दिसायला सारख्या, पण एकीने फोन झपाट्याने चार्ज होतो, दुसरीने रडतखडत, आणि तिसरीने लॅपटॉप चार्ज होतो पण डिस्कवर फाइल उतरवायला युगं लागतात. हा काय प्रकार आहे?

उत्तर : टाइप-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे. आतून किती वीज जाईल आणि माहिती किती वेगाने, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि केबलकडे बघून दोन्हींचं उत्तर मिळत नाही. या घोळाला वापरणारा जबाबदार नाही. केबलवर साधा आकडा छापायचाही ज्यांना कंटाळा येतो, ते जबाबदार आहेत.

विजेचं आधी. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी केबल 3 अँपिअरपर्यंतची, म्हणजे 20 व्होल्टला 60 वॅट. त्यापुढे 5 अँपिअर न्यायचे तर केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप लागते. चार्जर आधी तिला विचारतो आणि उत्तर आलं नाही तर 3 अँपिअरवरच थांबतो. म्हणून 100 वॅटचा चार्जर आणि साधी केबल अशी जोडी लावली की पदरात 60च पडतात. यूएसबी चार्जिंगच्या 2021च्या नियमावलीपासून वरची मर्यादा 240 वॅट झाली, पण तीही त्या आकड्याची केबल असेल तरच. शिवाय काही फोनांची ‘सुपर’ चार्जिंग ही त्या त्या कंपनीची खासगी बोली असते. त्यांच्याच चार्जर-केबलशी ती चालते, परक्या चार्जरशी फोन साध्या वेगाने बोलतो.

माहितीचा वेग वेगळा. चार्जिंगसाठी म्हणून मिळणाऱ्या बहुतेक केबल आतून यूएसबी 2च्या असतात : कागदावर 480 मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला 35-40 मेगाबाइट. 100 जीबी हलवायला पाऊण तास लागतो. तुमची तिसरी केबल हीच. डिस्कसोबत आलेली आखूड, जाड केबल डिस्कसाठीच राखून ठेवा.

रडतखडत चालणाऱ्या दुसरीबद्दल निकाल देण्याआधी फोनच्या तोंडात टॉर्च मारा. खिशातला कापसासारखा लिंट तळाशी दाबून बसतो, प्लग पूर्ण आत जात नाही, आणि दोष येतो केबलवर. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने कडेकडेने काढा. सुई किंवा पिन नको, मधल्या पट्टीवरचे संपर्क वाकले की काम दुरुस्तीवर जातं. त्यानंतरही मंदच असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला : आधी केबल, मग चार्जर. दोन्ही एकदम बदलले तर दोषी कोण ते कळणारच नाही. जी केबल ज्या कामाची ठरेल तिला रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि वॅटचा आकडा लिहून ठेवा.

प्रश्न : मोफत चाचणीचं एक ॲप दोन दिवसांतच काढून टाकलं होतं. तरी महिन्यानंतर पैसे कापले गेले!

उत्तर : ॲप काढलं म्हणजे वर्गणी थांबली असं होत नाही. ती ॲपशी नाही, खात्याशी बांधलेली असते. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून आपल्या चित्रावर टिचकी मारा आणि पेमेंट व सबस्क्रिप्शनच्या यादीत जा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर असलेल्या आपल्या नावावर आणि तिथून सबस्क्रिप्शन्समध्ये. यादीत ते नसेल तर वर्गणी संकेतस्थळावरून भरलेली असणार. मग तिथेच लॉग-इन करून बंद करावी लागेल. ॲपलकडची चाचणी मुदतीच्या किमान 24 तास आधी रद्द करावी लागते, शेवटच्या संध्याकाळी नाही. कापलेले पैसे परत मागण्याची सोय दोन्ही दुकानांत आहे, पण अर्ज लवकर करा. अभिमन्यूचा चक्रव्यूह निदान युद्धासाठी रचलेला होता. ‘रद्द करा’चं बटण पाच पानांमागे लपवणाऱ्यांना तीही सबब नाही.

प्रश्न : ब्लूटूथ हेडफोनवर गाणी झकास वाजतात, पण लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा. हेडफोन महागातले आहेत.

उत्तर : महागातले असोत की स्वस्तातले, नेहमीच्या ब्लूटूथमध्ये हे होणारच. गाणी ज्या पद्धतीने येतात ती एकतर्फी आहे : लॅपटॉपकडून कानाकडे. हेडफोनचा माइक उघडला की आवाज दोन्हीकडे जायला हवा, म्हणून जोडणी जुन्या हँड्स-फ्री पद्धतीवर उडी मारते. गाण्यांत आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने (मोजमापं) असतात, इथे 8,000, फार तर 16,000, आणि तेही मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. 8,000 नमुन्यांत 4 किलोहर्ट्झच्या वरचा तीक्ष्ण आवाज मावतच नाही, त्यामुळे ‘स’, ‘श’ आणि ‘फ’ ओळखणं अवघड होतं.

उपाय फुकट आहे. मीटिंगच्या ॲपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा आणि मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा निवडा. कानातला आवाज तिथल्या तिथे उघडतो, आणि बहुतेक वेळा समोरच्यालाही तुम्ही जास्त स्वच्छ ऐकू येता. एवढं करूनही सुधारलं नाही तर दुसरं कुठलं तरी ॲप माइक धरून बसलंय का ते पाहा. एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत ही अडचण नाही, पण ती लॅपटॉप आणि हेडफोन दोघांनाही यावी लागते.

प्रश्न : जीमेलमध्ये जागा संपल्याचा इशारा येतो. 2018-19चे शेकडो फोटो पुसले, तरी आकडा जवळजवळ तेवढाच. जागा का सुटत नाही?

उत्तर : कारण ते फोटो बहुधा मोजलेच जात नव्हते. गूगलच्या खात्याला 15 जीबी मोफत मिळतात आणि जीमेल, ड्राइव्ह, फोटो तिघंही त्याच डब्यातून जेवतात. 1 जून 2021च्या आधी ‘हाय क्वालिटी’ म्हणजे आकार थोडा कमी करून चढवलेले फोटो या हिशेबाबाहेर आहेत. तुम्ही नेमके फुकटातले पुसलेत. फोटो ॲपच्या बिनमध्ये (कचरापेटीत) अजून असतील तर परत आणा. बॅकअप घेतलेल्या फोटोंना तिथे 60 दिवस मिळतात.

जागा खातात ते 2021 नंतरचे व्हिडिओ आणि मेलची जोडपत्रं. जीमेलच्या शोधचौकटीत रोमन लिपीत ‘लार्जर’, लगेच कोलन आणि लगेच ‘10एम’ असं मध्ये जागा न सोडता टाइप करा, 10 एमबीहून मोठे सगळे मेल समोर येतील. नको ते पुसा आणि ट्रॅश रिकामा करा. ट्रॅशमधलं 30 दिवस मोजलं जातं, ही पायरी विसरली की मेहनत वाया गेल्यासारखी वाटते. ड्राइव्हचा ट्रॅश वेगळा, तोही बघा. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही आता याच 15 जीबीत येतो, तेव्हा बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. हे लांबणीवर टाकू नका. डबा पूर्ण भरला की तुम्हाला येणारे मेल पाठवणाऱ्याकडे परत जाऊ लागतात, आणि त्यात नेमका तो महत्त्वाचा असतो.

फोटो पुसताना एक जपा. सिंक (फोन आणि खातं आपोआप सारखं ठेवणं) चालू असताना ‘डिलीट’ केलं की फोनमधून आणि खात्यातून, दोन्हीकडून जातं. फक्त फोन हलका करायचा असेल तर फोटो ॲपमधला जागा मोकळी करण्याचा पर्याय वापरा.

प्रश्न : इंकजेट प्रिंटर महिनाभर बंद होता. आता पानावर पांढऱ्या रेघा येतात. सात वेळा क्लीनिंग केलं, शाई निम्मी झाली.

उत्तर : आठव्यांदा करू नका. हेडची (शाई फवारणाऱ्या भागाची) छिद्रं केसाहून बारीक असतात, त्यांत शाई वाळली आहे. क्लीनिंग म्हणजे शाई ओढून आतल्या स्पंजात फेकणं. तो स्पंज भरला की काही प्रिंटर चालायचंच नाकारतात. नॉझल चेकचं (छिद्रं तपासायचं) पान काढा, मग प्रिंटर रात्रभर तसाच ठेवा म्हणजे ताज्या शाईने वाळलेली भिजेल. सकाळी पुन्हा नॉझल चेक. हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असेल तर कार्ट्रिज काढून तळ कोमट डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेल्या टिश्यूवर दोन मिनिटं टेकवा, पुसू नका.

यापुढे प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करा. बटण दाबल्यावर हेड बाजूला जाऊन टोपीखाली बसतं; भिंतीवरचा स्विच मारला तर ते उघडंच राहू शकतं. आठवड्याला एक रंगीत पान काढा. महिन्यात दहा काळी पानं एवढंच काम असेल तर पुढच्या वेळी लेझर घ्या, टोनर ही पूडच असते, वाळायचा प्रश्नच नाही.

प्रश्न : लॉग-इन करताना लागणारा ऑथेंटिकेटर ॲपचा सहा आकडी कोड आज दर वेळी ‘चुकीचा’ येतो. कालपर्यंत चालत होता.

उत्तर : फोनचं घड्याळ हाताने बदललं आहे का ते पाहा. हा कोड कुठून येत नाही. तो गुप्त किल्ली आणि वेळ यांच्यातून दर 30 सेकंदांनी फोनमध्येच तयार होतो. घड्याळ दोन-तीन मिनिटं पुढेमागे झालं की प्रत्येक कोड शिळा. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा. आणि जुना फोन विकण्याआधी खाती नव्या फोनवर हलवा, शिवाय बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना वापरायचे) कागदावर उतरवा. गूगल असे आठ आकडी 10 कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. त्यांचा फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवलात तर ऐन वेळी तोही फोनसोबत गेलेला असेल.